बिनसुकाणूची फळी

आषाढी एकादशीला जळगावकरांची पावलं शहरातल्याच पिंप्राळ्याकडे वळतात. पंढरपूर गाठता आलं नाही तरी हळहळ नसते, कारण इथला विठोबा त्या दिवशी रथात बसून स्वतः गल्लीत येतो. ही प्रथा सुमारे दीडशे वर्षांची आहे. जुन्या जळगावातला श्रीरामाचा रथ कार्तिकी एकादशीला निघतो; तो अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केला. पारोळा, अमळनेर, शिरपूर, धुळे, असा अख्खा खानदेशच रथांचा मुलूख. रथ ओढणारे शेकडो हात सगळ्यांना दिसतात. चाकाला खेटून, वाकून चालणारी चार-सहा माणसं मात्र मुद्दाम पाहिली तरच दिसतात. त्यांच्या हातात मोगरी असते, म्हणजे चाकाखाली सारायचा लाकडी ठोकळा. रथाला सुकाणू नसतं आणि ब्रेकही नसतो. कोणत्या चाकाखाली, किती आत आणि कोणत्या क्षणी मोगरी घालायची, यावर तो वळतो, थांबतो, उतारावर आवरला जातो.

ही विद्या शाळेत मिळत नाही. थोरला वाकतो तिथे धाकटा शेजारी वाकतो आणि चार-पाच वर्षांत हाताला कळायला लागतं. पण थोरल्याची नक्कल करूनही भागत नाही, कारण पायाखालचा रस्ता प्रत्येक पिढीत बदललेला असतो. आजोबांच्या वेळी माती आणि धोंडे, वडिलांच्या वेळी खडी-डांबर, आता काँक्रीट आणि त्यावर गतिरोधक. चाकं तीच ठेवून रस्ता नव्याने वाचावा लागतो.

जगाच्या दुसऱ्या टोकाला याच दीडशे वर्षांच्या उत्तरार्धात आणखी एक बिनसुकाणूचं वाहन जन्माला आलं: हातभर-दीड हात लांबीची फळी आणि तिच्याखाली चार चाकं. तिलाही हँडल नाही, ब्रेक नाही. अंग झुकवलं की खालच्या धुऱ्यांतलं रबर दबतं, धुरा तिरपी होते आणि फळी वळते. या धुऱ्यांना ‘ट्रक’ म्हणतात. बाकी सगळं चालवणाऱ्याच्या घोट्यात आणि डोक्यात. स्केटबोर्डचा इतिहास कंपन्यांच्या आणि स्पर्धांच्या अंगाने नेहमी सांगितला जातो. इथे तो दुसऱ्या अंगाने सांगायचा आहे: पायाखालची जमीन काढून घेतली गेली तेव्हा प्रत्येक पिढीने काय केलं, आणि आधीच्या पिढीने तिला ते करू दिलं का?

लाटा नसलेल्या दिवशी

सुरुवात नेमकी कोणी केली, हे कोणालाच सांगता येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर फळी चालवणारी मुलं होती. समुद्र शांत असेल त्या दिवशी करायचं काय, म्हणून त्यांनी रोलर स्केटचे जोड तोडून त्यांची चाकं लाकडाच्या तुकड्याला ठोकली आणि ती रस्त्यावर लाटेसारखी वळणं घेऊ लागली. १९५९ साली ‘रोलर डर्बी’ कंपनीने तयार फळ्या बाजारात आणल्या. लॅरी स्टीव्हन्सनने ‘मकाहा’ नावाच्या फळ्या काढल्या आणि १९६३ साली हर्मोसा बीच इथल्या एका शाळेच्या पटांगणात पहिली स्पर्धा झाली. याच स्टीव्हन्सनने पुढे फळीची मागची कड वर उचलली. त्या शेपटीवर पाय दाबला की पुढचा भाग उठतो. तिचं त्याने पेटंटही घेतलं. पेटंट वस्तूचं असतं. त्या शेपटीवर पाय देऊन काय काय करता येईल, याचं पेटंट कुणाला घेता आलं नाही, आणि पुढची सगळी गोष्ट घडली ती तिथूनच.

तेव्हाची चाकं मातीच्या मिश्रणाची, चिनीमातीसारखी कडक असत. रस्त्यावर वाटाण्याएवढा खडा आला तरी चाक जागीच अडायचं आणि पोरगं पुढे फेकलं जायचं. १४ मे १९६५ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर पॅट मॅगी ही तरुणी धावत्या फळीवर हात टेकून, पाय आकाशाकडे करून उभी आहे. आतल्या लेखाचा सूर मात्र दुहेरी होता: वेडही म्हणायचं आणि धोकाही म्हणायचं. डॉक्टरांनी इशारे दिले, गावोगावच्या नगरपालिकांनी रस्त्यांवर मनाई केली, दुकानदारांच्या ऑर्डरी रद्द झाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस धंदा बसला. पहिला मृत्यू हा असा.

पण पहिल्या पिढीने एक गोष्ट ठरवून टाकली होती, तीही न ठरवता. या खेळात मैदानाची आखणी नव्हती, गोल नव्हता, पंच नव्हता. खेळणाऱ्याला उतार दिसला की मैदान झालं. मुखपृष्ठावर मुलगी होती, याचंही कोणाला विशेष वाटलं नव्हतं. विशेष वाटायला लागलं ते नंतर, मुलांनी खेळ आपलाच मानल्यावर.

रिकामे हौद

खेळ पुन्हा उठला तो एका रसायनामुळे. १९७० साली फ्रँक नॅसवर्दी नावाचा तरुण व्हर्जिनियातल्या पर्सेलव्हिल इथल्या एका छोट्या प्लास्टिक कारखान्यात गेला होता. तिथे युरेथेनची चाकं बनत. ती स्केटिंग रिंकमध्ये नवशिक्यांना भाड्याने द्यायच्या जोडांसाठी होती, कारण ती फरशीला धरून राहत. अनुभवी स्केटरांना ती संथ वाटत. नॅसवर्दीने ती स्वतःच्या जुन्या फळीला लावून पाहिली. मऊ चाक खडा पोटात घेऊन पुढे जात होतं. चालवताना खडखड नव्हती आणि वळणावर पकड सुटत नव्हती. पुढे कॅलिफोर्नियात जाऊन त्याने ‘कॅडिलॅक’ नावाने ती विकायला काढली. एका ठिकाणी नवशिक्यांसाठी म्हणून बाजूला पडलेला माल दुसऱ्या ठिकाणी क्रांती ठरला. पाठोपाठ बंद बेअरिंग आली, रुंद ट्रक आले, आणि फळीवर पहिल्यांदाच खरा वेग घेता येऊ लागला.

या वेगाचं काय करायचं, ते सांता मोनिका आणि व्हेनिसच्या पडक्या किनाऱ्यावरल्या मुलांनी दाखवलं. त्या भागाला ‘डॉगटाउन’ म्हणत. जेफ हो, स्किप इंगब्लोम आणि क्रेग स्टेसिक यांच्या ‘झेफिर’ दुकानाभोवती हा संघ जमला होता. त्यात टोनी अल्वा, जे अ‍ॅडम्स, स्टेसी पेराल्टा होते आणि एकच मुलगी होती, पेगी ओकी. टेकड्यांमधल्या शाळांच्या पटांगणांना कडेने डांबरी उतार होते. ही मुलं त्यांना लाटा समजून चालवायची. गुडघे मोडून, अंग जमिनीला लावून, हात टेकवून वळण घ्यायची. १९७५ साली डेल मार इथे राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा इतर खेळाडू ताठ उभे राहून कवायतीसारख्या करामती करत होते. झेफिरची पोरं जमिनीला घासत आली. यांना गुण कसे द्यायचे, हा परीक्षकांपुढे प्रश्नच होता. पेगी ओकी महिलांच्या फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे सपाट जमिनीवरच्या करामतींच्या प्रकारात, पहिली आली, आणि ती मुलांसारखी खेळते अशी कुरकूर काही स्पर्धक मुलींनी केली.

१९७६-७७ साली कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला. श्रीमंतांच्या घरामागचे पोहण्याचे हौद कोरडे पडले. तिथले हौद आपल्यासारखे चौकोनी नसत. तळाकडे गोलाई घेत भिंत वर चढत जायची. मालक घरी नसताना मुलं कुंपणावरून उड्या टाकून आत शिरायची, तळातलं उरलेलं पाणी उपसायची आणि भिंतीवर चढायची. हौदाच्या काठावरून फळीसकट हवेत जाऊन परत भिंतीवर येणं तिथेच सुरू झालं. दुष्काळ पाहिलेल्या खानदेशी माणसाला कोरड्या विहिरीचं दुःख वेगळं सांगायला नको. तरी कोरड्या हौदाचा असा उपयोग कुणाला सुचेल, हे त्यालाही सांगून खरं वाटणार नाही.

१९७६ पासून पैसे घेऊन खेळू देणारी काँक्रीटची स्केटपार्कं निघाली. दोन-तीन वर्षांत शेकडो झाली. मग हातपाय मोडलेल्यांचे दावे आले, विम्याचे हप्ते चढले आणि १९८०च्या आसपास बहुतेक पार्कांवर बुलडोझर फिरला. दुसरा मृत्यू.

सपाट जमिनीवरची उडी

फ्लोरिडात अ‍ॅलन गेल्फंड नावाचा मुलगा होता, टोपणनाव ‘ऑली’. १९७८च्या सुमारास तो वाडग्यासारख्या पार्काच्या भिंतीवर चढून, फळीला हात न लावता, काठापाशी फळीसकट हवेत उठू लागला. मित्रांनी त्या उडीला त्याचंच नाव दिलं. त्याच फ्लोरिडात रॉडनी मलन राहायचा. वडील दंतवैद्य, शिस्तीचे कडक. १९७७च्या पहिल्या दिवशी त्याला फळी मिळाली ती एका अटीवर: मोठी दुखापत झाली की खेळ बंद. घर शेतावर, आसपास ना हौद ना पार्क ना सोबती. होतं ते गॅरेजपुढचं सपाट काँक्रीट. या मुलाने चौदाव्या वर्षी, १९८० साली, फ्रीस्टाइलचं जागतिक विजेतेपद जिंकलं आणि पुढची दहा वर्षं त्याला हरवणं जवळपास अशक्य झालं.

मलनचं मोठं काम विजेतेपदांपलीकडचं आहे. गेल्फंडची उडी भिंतीच्या आधाराने होत होती. १९८२च्या सुमारास मलनने ती सपाट जमिनीवर आणली. मागच्या पायाने शेपटीवर झटका द्यायचा, शेपूट जमिनीवर आपटते, फळीचं नाक वर येतं. त्याच क्षणी पुढचा पाय फळीवरून वर घासत न्यायचा, म्हणजे मागची बाजूही वर ओढली जाते. अर्ध्या सेकंदात फळी हवेत आडवी होते आणि पाय तिला चिकटल्यासारखे दिसतात. पाहणाऱ्याला दोरी कुठे बांधली आहे असं वाटतं. पुढच्याच वर्षी त्याने हवेत फळी तिच्याच अक्षाभोवती फिरवून पुन्हा पायाखाली घेतली. तिला आज ‘किकफ्लिप’ म्हणतात.

फूटपाथचा कठडा, पायरी, बाक, जिन्याचं रेलिंग, या सगळ्या वस्तू त्या एका उडीने खेळाच्या हद्दीत आल्या, कारण आता फळी हात न लावता वर चढवता येत होती. पार्कं पाडल्याने काही बिघडत नव्हतं. शहरच पार्क झालं. मार्क गोंझालेस आणि नाटास कौपस यांच्यासारख्या मुलांनी १९८०च्या दशकाच्या मध्यावर रेलिंगवरून घसरत यायला सुरुवात केली. दुसरीकडे स्टेसी पेराल्टा, तोच डॉगटाउनचा खेळाडू, वयाच्या विशीतच प्रशिक्षक आणि निर्माता झाला. त्याच्या ‘बोन्स ब्रिगेड’ संघात मलन होता, स्टीव्ह कबालेरो होता, माइक मॅकगिल होता आणि हडकुळा टोनी हॉक होता. हॉकची शैली सुरुवातीला अनेकांना सर्कस वाटली. पेराल्टाने त्याला डॉगटाउनसारखं खेळ असं सांगितलं नाही. १९८४ साली त्याने संघाची पहिली व्हिडिओ कॅसेट काढली आणि गुरू, वर्ग, अभ्यासक्रम यांची गरजच उरली नाही. रिवाइंड करून करून मुलं शिकली.

इथे या खेळाचा एक अलिखित कायदा पक्का झाला. नवी करामत ज्याने पहिल्यांदा केली त्याचं नाव तिला मिळतं: ‘ऑली’, ‘कबालेरिअल’, ‘मॅकट्विस्ट’. पण ती सगळ्यांची असते. उलट दुसऱ्याने ती जशीच्या तशी केली तर कौतुक थोडं; तिच्यात काही भर घातली तर खरं कौतुक. थोरल्याचा मान नावात राहतो आणि धाकट्याचा हक्क भर घालण्यात. गायकीच्या घराण्यांना जे साधायला शतकं लागली आणि तरीही भांडणं मिटली नाहीत, ते या पोरांनी सहीशिक्क्याशिवाय साधलं.

मलनवर मात्र याच कायद्याने वेळ आणली. १९९०च्या सुमारास फ्रीस्टाइल हा प्रकारच संपला. जिंकायला स्पर्धा उरली नाही. पंचविशीतल्या या विजेत्याने रस्त्यावरच्या पोरांबरोबर पुन्हा नवशिका होऊन सुरुवात केली आणि आपली जुनी बारीक पदकामं कठड्यांवर, बाकांवर नेली. फळीचा आकारही याच काळात बदलला. माशासारखी रुंद, पुढे-मागे वेगळी फळी गेली. दोन्ही टोकं सारखी असलेली सात थरांच्या मेपलची अरुंद फळी आली, कारण मुलं आता उलट्या पायानेही खेळत होती. कारखान्याने खेळ बदलला नाही, खेळाने कारखाना बदलला.

ब्याण्णव वर्षांचा खेळाडू

शहर म्हणजेच पार्क, हे शहरांना मान्य होणार नव्हतं. संगमरवराच्या कडा झिजतात, लोक दचकतात, तक्रारी येतात. अमेरिकेत कठड्यांवर लोखंडी गुठळ्या बसू लागल्या. पोर्टलंडच्या मुलांनी १९९० साली बर्नसाइड पुलाखालच्या घाणेरड्या, टाकाऊ जागेत परवानगी न घेता स्वतःच्या पैशाने सिमेंट आणून उतार बांधायला सुरुवात केली. आजूबाजूच्या व्यापाऱ्यांना जागा साफ झाल्याचं दिसलं; शहराने नंतर मान्यता दिली. ते पार्क आजही आहे.

फिलाडेल्फियात उलट घडलं. तिथला ‘लव्ह पार्क’ हा ग्रॅनाइटच्या पायऱ्या-कठड्यांचा चौक जगभरच्या स्केटबोर्डरांचं तीर्थक्षेत्र झाला होता. २००२ साली महापालिकेने चौकाची फेररचना करून खेळ बंद पाडला. तेव्हा एक म्हातारा पुढे आला: एडमंड बेकन. शहराचा जुना नियोजनकार, या चौकाची मूळ कल्पना विद्यार्थिदशेत मांडणारा माणूस. २८ ऑक्टोबर २००२ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, डोक्यावर हेल्मेट घालून, दोन्ही बाजूंनी आधार घेऊन तो आपल्याच चौकात बंदी मोडून स्केटबोर्डवर उभा राहिला आणि काही फूट सरकला. आपण बांधलेल्या कठड्याचा जो उपयोग स्वप्नातही नव्हता, तो पोरांनी शोधला, याचा त्याला अभिमान होता. बंदी उठली नाही. पुढे एका बूट कंपनीने चौकाच्या देखभालीसाठी दहा लाख डॉलर देऊ केले, तेही नाकारले गेले. २०१६ साली जुना चौक पाडला. त्यातला काही ग्रॅनाइट स्वीडनच्या मालमो शहराने मागवून घेतला, खेळायला.

रचनाकाराला आपल्या रचनेवर हक्क किती? बेकनचं उत्तर असं, की बांधून झालं की हक्क वापरणाऱ्याचा. आपल्याकडे नियोजनाच्या आराखड्यावर सही करणाऱ्या किती माणसांना हे पटेल?

अकरा आणि एक्कावन्न

टोनी हॉकने २७ जून १९९९ रोजी हवेत अडीच गिरक्या घेऊन दाखवल्या, त्याच वर्षी त्याच्या नावाचा व्हिडिओ गेम आला आणि ज्यांनी कधी फळी पाहिली नव्हती अशा देशांतल्या मुलांनाही करामतींची नावं पाठ झाली. मग ऑलिंपिकचं बोलावणं आलं. जुन्या खेळाडूंपैकी अनेकांना ते नको होतं: गुण, गणवेश, झेंडे आले की खेळाची मोकळीक जाईल. भीती अगदीच खोटी नव्हती. तरी टोकियोत, २०२१ साली, जे दिसलं ते वेगळं होतं.

महिलांच्या स्ट्रीट प्रकारात, म्हणजे रस्त्यावरच्यासारख्या पायऱ्या-कठड्यांवर, जपानची मोमिजी निशिया आणि ब्राझीलची रायसा लिअल, दोघी तेरा वर्षांच्या, पहिली आणि दुसरी आल्या. ४ ऑगस्टला पार्क प्रकाराची, म्हणजे वाडग्यासारख्या मैदानावरची, अंतिम फेरी झाली. जपानची पंधरा वर्षांची मिसुगु ओकामोतो तेव्हा जगात अव्वल होती. पदक हुकण्याच्या बेतात असताना तिने शेवटच्या फेरीत सोपा मार्ग घेतला नाही, अवघड करामत घेतली आणि पडली. पदक गेलं. ती रडत बाहेर आली तेव्हा प्रतिस्पर्धी मुलींनी तिला खांद्यावर उचललं. जिंकलेलीला उचलतात, हे सगळ्या खेळांत आहे. धाडस करून हरलेलीला उचलणं हा या खेळाचा जुना रिवाज त्या दिवशी जगाने टीव्हीवर पाहिला.

पॅरिसला २०२४ साली ब्रिटनकडून अँडी मॅकडॉनल्ड उतरला. तो एक्कावन्न वर्षांचा, १९९०च्या दशकातला टोनी हॉकचा जोडीदार. त्याच स्पर्धेत महिलांमध्ये चीनची झेंग हाओहाओ अकरा वर्षांची होती. मॅकडॉनल्ड पदकाच्या जवळपासही नव्हता आणि त्याला त्याची पर्वा नव्हती. त्याच्या संघातल्या मुली त्याच्या नातवंडांच्या नाही तरी लेकींच्या वयाच्या होत्या, आणि सराव मात्र एकाच वाडग्यात, पाळीपाळीने. इतर खेळात पन्नाशीचा माणूस प्रशिक्षकाच्या खुर्चीत बसतो. इथे तो रांगेत उभा राहतो आणि अकरा वर्षांच्या मुलीची पाळी आधी असेल तर थांबतो.

आपल्याकडे

बेअरिंगची गाडी महाराष्ट्रातल्या कित्येक गल्ल्यांत होती. गॅरेजमधून टाकाऊ बेअरिंग मागून आणायचे, फळीखाली आडव्या दांड्याला ठोकायचे आणि उतारावरून कर्कश आवाज करत यायचं. कॅलिफोर्नियातल्या पहिल्या फळीपेक्षा ती कुठेही कमी नव्हती. मग तिचा स्केटबोर्ड का झाला नाही? जमीन हे एक कारण: गुळगुळीत काँक्रीट आपल्या गल्लीत आलं ते फार उशिरा. दुसरं कारण बाजार: युरेथेनची चाकं, मेपलचे थर आणि ट्रक बाहेरून आणायचे तर मध्यमवर्गाला परवडत नव्हते. तिसरं कारण घरातलं. बेअरिंगची गाडी सहावी-सातवीपर्यंत. पुढे ती पोरकटपणा ठरायची. एका वयानंतर खेळ सोडायचा असतो, या समजुतीने थोरला आणि धाकटा एका उतारावर कधी राहिलेच नाहीत. शोध लागला, पण त्याला दुसरी पिढी मिळाली नाही.

ती साखळी गेल्या दहा-पंधरा वर्षांत जुळू लागली. बंगळुरूत ‘होलीस्टोक्ड’ या टोळीने २०१३ साली देशोदेशीच्या स्केटबोर्डरांना बोलावून पार्क उभारलं. त्याच शहरातल्या अतिता वर्गीस हिने ‘गर्ल स्केट इंडिया’ सुरू केलं. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावी उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ साली काँक्रीटचं पार्क बांधलं आणि दोनच नियम ठेवले: शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि मुली आधी. आदिवासी आणि यादव वस्तीतली मुलं, जी एकमेकांच्या अंगणात पाय ठेवत नव्हती, ती एका उतारावर आली. त्यांतली आशा गोंड २०१८ साली चीनमधल्या नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत खेळून आली. राजस्थानात उदयपूरजवळच्या खेमपूर गावात मंजरी माकीजानीने ‘स्केटर गर्ल’ या चित्रपटासाठी पार्क बांधलं. चित्रपट २०२१ साली आला, पार्क गावातल्या मुलांसाठी राहिलं. 

महाराष्ट्रातलं नाव पुण्याचं. २०२२ साली गुजरातमध्ये छत्तिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या. स्केटबोर्डिंगच्या स्ट्रीट प्रकारात महाराष्ट्राकडून पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने सुवर्णपदक घेतलं. तिचे वडील सुरक्षारक्षक. एका पिढीने दारावर उभं राहून जागा राखली आणि दुसरीने त्या जागेचा वापर बदलला, असं म्हटलं तर ते अलंकारिक वाटेल, पण आपल्या शहरांतला हा खेळ खरोखर तिथूनच सुरू होतो आहे: क्लबांच्या सभासदांपेक्षा ज्यांच्याकडे गमावण्यासारखं कमी आहे, त्यांच्या घरातून.

पिंप्राळ्याचा प्रश्न

पिंप्राळा एके काळी स्वतंत्र गाव होतं. जळगाव वाढत गेलं आणि गाव महापालिकेच्या पोटात आलं. रेल्वे गेटावर तासन्‌तास खोळंबणाऱ्या वस्तीला उड्डाणपूल मिळाला. असे पूल आता खानदेशातल्या गावोगावी होत आहेत, आणि प्रत्येक पुलाखाली एक जागा तयार होते, जिचं काय करायचं हे आराखड्यात लिहिलेलं नसतं. दोन वर्षांत तिथे भंगाराच्या हातगाड्या आणि कचरा साचतो, मग महापालिका जाळी ठोकते. त्या जागेला छप्पर आहे, सावली आहे, पावसाळ्यात ती कोरडी राहते आणि जळगावच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हा, संध्याकाळी उभं राहण्यासारखी गावात तीच एक मोकळी जागा असते. बर्नसाइडच्या पोरांनी हेच पाहिलं होतं.

यावर सरकारी डोक्यात पहिली कल्पना क्रीडा संकुलाची येईल: उद्‌घाटनाचा फलक, प्रशिक्षकाची नेमणूक, शुल्क, आणि तीन महिन्यांनी कुलूप. स्केटबोर्डिंगचा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास सांगतो, की पैसे घेणारी पार्कं विम्याने मेली, बंदी घातलेले चौक पाडले गेले आणि टिकलं ते जिथे वापरणाऱ्यांना बांधू दिलं ते. चांगल्या प्रतीची गुळगुळीत फरशी, दोन-तीन बुटके कठडे, एक उतार आणि रात्री दिवा, एवढं पुरेसं आहे. हेल्मेट सक्तीचं असावं, कारण डोकं एकच असतं. मुलींना पाळी आधी द्यावी. जनवारने दाखवलं आहे, की तो नियम पहिल्या दिवशी केला नाही तर पुढे कधीच होत नाही. थोरल्यांनाही मज्जाव नसावा.

आणि मग थोडा धीर धरावा. पहिले काही महिने पोरं फक्त पडतील. कोणीतरी सायकल घेऊन येईल, कोणी बेअरिंगची गाडी काढेल, शेजारचे आजोबा येऊन आरडाओरडा करतील आणि पुन्हा बघायला येतील. परदेशी व्हिडिओतल्या करामती करून झाल्या, की एखादी मुलगी त्या कठड्याचा असा उपयोग करेल जो फ्लोरिडात कुणाला सुचला नव्हता, कारण फ्लोरिडात तो कठडा नव्हता. तिने ते पहिल्यांदा केलं याला चार साक्षीदार असले, की रिवाजाप्रमाणे त्या करामतीला तिचं नाव द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात भर घालायला बाकीच्यांनी मोकळं व्हायचं.